‘असं होतंच’ म्हणून सोडू नका : शेवटचे तीन महिने, बाईचा त्रास आणि कोयत्याचा हंगाम

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडायला लागतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडं, कुणी सोलापूर-पुण्याकडं, कुणी थेट कर्नाटकात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार असतो, लेकरं असतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांत सहावा-सातवा महिना लागलेली एखादी बाई पण असते. हंगाम पाच-सहा महिने चालतो. म्हणजे तिचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपण, दोन्ही फडातच येणार हे निघतानाच ठरलेलं असतं.

या काळात बाईला जो त्रास होतो त्यावर घरात, टोळीत, पारावर एकच उत्तर मिळतं : ‘असं होतंच. आम्ही नाही का बाळंतपणं केली?’ यातलं निम्मं खरं आहे. पाय सुजणं, कंबर भरून येणं, छातीत जळजळ, रात्री झोप न लागणं हे सातव्या महिन्यानंतर बहुतेक बायांना होतं. पण त्याच उत्तराखाली जीवघेणा त्रासही दडपला जातो. आणि साध्या त्रासावर जो उपाय आहे तो औषधाच्या दुकानात मिळत नाही. तो घरातल्या आणि फडातल्या कामाच्या वाटणीत आहे. म्हणून हा विषय फक्त बायांचा नाही. नवऱ्याचा, सासूचा आणि मुकादमाचा पण आहे.

त्रास का होतो?

गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळपास निम्म्यानं वाढतं. पोट मोठं होतं तसा पिशवीचा दाब खालच्या रक्तवाहिन्यांवर येतो. पायातलं रक्त वर चढायला वेळ लागतो. त्यामुळं संध्याकाळपर्यंत घोटे सुजतात. दिवसभर उभं राहिलं किंवा पाय लोंबकळत ठेवून प्रवास केला तर सूज जास्त येते.

पोटाचं वजन पुढं आलं की कंबर मागं झुकते, त्यामुळं कंबर दुखते. सांधे सैल झालेले असतात, त्यात वाकून काम केलं की दुखणं दुप्पट होतं. पिशवी वर जठराला दाबते म्हणून जेवल्यावर जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येतं. फुफ्फुसाला जागा कमी पडते म्हणून चढ चढताना दम लागतो. लघवीच्या पिशवीवर दाब येतो म्हणून रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. रात्री पोटरीत वांब येतो. शौचाला घट्ट होतं, काही बायांना मूळव्याध होते.

हे सगळं बाळंतपणानंतर बऱ्याच अंशी जातं. तोपर्यंत ते हलकं करता येतं.

खर्च नसलेले उपाय

सूज : दुपारी अर्धा तास आडवं पडून पाय उशीवर किंवा घडी केलेल्या गोधडीवर उंच ठेवावेत. एका जागी फार वेळ उभं राहू नये. सूज आली म्हणून पाणी बंद करू नये, त्यानं काही फायदा होत नाही.

कंबर : बसताना पाठीला टेकू घ्यावा. खालची वस्तू उचलताना कमरेतून न वाकता गुडघे मोडावेत. पाण्याची भरलेली घागर, सरपणाचा भारा, चाऱ्याचं ओझं दुसऱ्यानं उचलावं.

वांब : टाच टेकवून पायाची बोटं गुडघ्याच्या दिशेनं ओढावीत. पोटरी ताणली की गोळा सुटतो. झोपण्याआधी दोन-चार वेळा असं केलं तर रात्रीचा त्रास कमी होतो.

जळजळ : दोनदा पोटभर खाण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं खावं. जेवल्यावर लगेच आडवं होऊ नये. डोक्याखाली उंची घ्यावी. तिखट-तेलकट आणि चहा कमी करावा. खायचा सोडा पाण्यात घालून पिण्याची सवय बऱ्याच घरांत आहे, ती गरोदरपणात नको. जळजळीवर चालणारी औषधं आरोग्य केंद्रात मिळतात.

झोप : कुशीवर झोपावं, डाव्या कुशीवर झालं तर उत्तम. उताणं झोपलं की पिशवीचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर येतं. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घेतली की कमरेला आराम पडतो. जाग आल्यावर उताणं असल्याचं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, कूस बदलली की झालं.

शौचाचा त्रास : पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, फळ आणि भरपूर पाणी. लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतं, ते साधं आहे. त्या कारणानं गोळी बंद करू नये.

तीन घातक समजुती

पहिली समजूत अशी की शेवटच्या महिन्यांत कमी खाल्लं तर बाळ लहान राहतं आणि बाळंतपण सोपं जातं. बाळाचं वजन सगळ्यात जास्त वाढायचा काळ हाच असतो. आईनं कमी खाल्लं तर बाळ अशक्त होतं आणि आईचं रक्तही कमी पडतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५२ टक्क्यांहून जास्त गरोदर बायांचं रक्त कमी आढळलं होतं. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात, ७ च्या खाली गेलं की धोका मोठा. अशा बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी जीवावर बेततं.

दुसरी समजूत मिश्रीची. ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ असं अनेक बाया सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. त्यामुळं बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. पोट साफ व्हायला पाणी आणि पालेभाजी हाच मार्ग.

तिसरी, अंगदुखीच्या गोळीची. किराणा दुकानात किंवा मेडिकलमध्ये मागितली की गोळी मिळते. फडावर तर एकाच्या पुडीतली दुसऱ्याला दिली जाते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला अपाय करू शकतात. दुखणं सहन होत नसेल तर कोणती गोळी चालते ते आशाताईला किंवा डॉक्टरला विचारूनच घ्यावी.

लघवीची अडचण

फडावर आणि खोपीवर संडासाची सोय नसते. त्यामुळं बाया पाणीच कमी पितात. अंधार पडेपर्यंत लघवी दाबून ठेवतात. याचा परिणाम म्हणजे लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप. गरोदरपणात लघवीचा जंतुसंसर्ग अंगावर काढला तर तो मूत्रपिंडापर्यंत जातो आणि दिवस भरायच्या आधीच कळा सुरू होऊ शकतात. वेळेत तपासणी झाली तर साध्या औषधानं तो बरा होतो. पण बाईनं पाणी प्यावं असं वाटत असेल तर तिला जायला जागा पाहिजे. चार बांबू आणि साडीचा आडोसा करायला टोळीतल्या दोन माणसांना अर्धा दिवस लागतो.

ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही

साधा त्रास आराम केला की कमी होतो. खालच्या गोष्टी आरामानं जात नाहीत. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

• तोंडावर आणि हातावर सूज, डोकं फार दुखणं, डोळ्यांसमोर अंधारी किंवा ठिपके, छातीखाली पोटात दुखणं. ही बीपी वाढल्याची खूण असू शकते. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर दुर्लक्ष नको. पुढं झटके येऊ शकतात.
• अंगावरून रक्त जाणं, थोडं असलं तरी.
• अंगावरून पाणी जाणं, कळा नसल्या तरी.
• बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटणं. ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही.
• नववा महिना लागायच्या आधीच ठरावीक वेळानं येणाऱ्या कळा. पोट अधूनमधून कडक होऊन आरामानं सैल होणं वेगळं. कळा वाढत गेल्या, जवळजवळ येऊ लागल्या तर निघायचं.
• एकाच पायाची पोटरी सुजणं, लाल होणं, दुखणं.
• अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायाला सारखी खाज येणं.
• ताप, बसल्या जागी दम लागणं, छातीत धडधड.

२०१८-२० च्या आकडेवारीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागं ३३ मातांचा मृत्यू झाला, देशाची सरासरी तेव्हा ९७ होती. राज्याचं चित्र बरं आहे, पण या सरासरीत शहरातली बाई आणि फडातली बाई एकत्रच मोजलेली असते.

कोयता अर्धा होतो, तिथं अडतं

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल जोडप्याच्या नावावर असते आणि मजुरी टनावर. बाई बसली की अर्धा कोयता राहतो. उचल फिटत नाही, खाडा पडतो तो अंगावर येतो. त्यामुळं आठव्या महिन्यातही बाई पहाटे उठते, ऊस तोडते, मोळी बांधते आणि ती डोक्यावर घेऊन गाडीच्या फळीवर चढते. दवाखान्यात गेलं तर अख्खा दिवस जातो म्हणून तपासणी टळते.

कायद्यानं २०१७ पासून नोकरदार बाईला २६ आठवडे पगारी बाळंतपणाची रजा आहे. ऊसतोड मजूर मुकादमामार्फत येतात. कारखान्याच्या हजेरीपटावर बाईचं नाव नसतं, म्हणून ही रजा तिच्यापर्यंत पोचत नाही. कारखान्याला तिनं तोडलेला ऊस लागतो, पण तिच्या नवव्या महिन्याची जबाबदारी कुणाच्याच वहीत लिहिलेली नाही.

हे बदलेपर्यंत वाट बघता येणार नाही. घरच्या लोकांनी करार करतानाच मुकादमाला महिना सांगावा. बाईचे शेवटचे तीन महिने हंगामात येत असतील तर अर्ध्या कोयत्याचीच उचल घ्यावी किंवा भाऊ-दीर जोडीला घ्यावा. उचल कमी मिळेल हे खरं. पण बाळंतपण बिघडलं तर खासगी दवाखान्याचं बिल भरायला पुन्हा मुकादमापुढंच हात पसरावा लागतो. बाई फडावर गेलीच तर मोळी उचलणं आणि फळीवर चढणं तिच्याकडं नको. मुकादमानं हे मानलं तर त्याच्या टोळीचंही भलं आहे.

निघण्याआधी काय करायचं?

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. जाण्याआधीची ९ तारीख चुकवू नये. बीपी, रक्त, लघवी आणि वजन एवढं तपासून घ्यावं. अवघड बाळंतपण असेल असं डॉक्टरांनी सांगितलं तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जिल्ह्यातच आहे, तेव्हा बाईनं फडावर जाऊच नये.

माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत प्लास्टिकमध्ये घालून सोबत ठेवावं. त्याच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये काढावेत. परक्या गावच्या डॉक्टरला बाईची माहिती त्या कार्डावरूनच कळते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणाऱ्या मुलींनीही हेच करावं आणि माहेरच्या आशाताईकडं नाव सांगावं.

लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या पुरतील इतक्या घ्याव्यात. दोन्ही एका वेळी घेऊ नयेत, मध्ये दोन तास जाऊ द्यावेत. कॅल्शियम जेवणासोबत, लोह लिंबूपाण्यासोबत. लोहाच्या गोळीवर चहा नको.

फडावर पोचल्यावर पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारून मोबाईलमध्ये लिहाव्यात : गावाचं नाव, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथल्या आशाताईचा नंबर. रात्री १०८ ला फोन लावल्यावर ‘उसाच्या फडात आहे’ एवढंच सांगून गाडी येत नाही. गाव, रस्ता, कारखान्याचं नाव सांगता आलं पाहिजे. गरोदर बायांसाठी १०२ ची गाडीही असते.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण आणि ये-जा मोफत आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५ हजार रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार. बाई दुसऱ्या जिल्ह्यात असली म्हणून हे हक्क जात नाहीत. आधार आणि बँकेचं पासबुक सोबत असावं.

घरात काय बदलायचं?

जिल्ह्यातल्या सगळ्याच गरोदर बाया ऊसतोडीला जात नाहीत. पण गावात राहणाऱ्या बाईचंही फार वेगळं नसतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, झोपाळ्यावरचे फोटो स्टेटसला लागतात आणि दुसऱ्या दिवशी हंडा तिच्याच डोक्यावर असतो. त्या फोटोइतकाच खर्च न येणारं काम म्हणजे पाणी भरणं, धुणं पिळणं, गोठा काढणं ही तीन कामं तीन महिन्यांसाठी दुसऱ्या कुणी तरी घेणं. दुपारचा अर्धा तास तिला आडवं पडू देणं. आणि ती ‘आज बरं वाटत नाही’ म्हणाली तर उत्तर देण्याआधी वरची यादी एकदा तपासून बघणं.