सरासरी नको, सगळ्यात वाईट आकडा दाखवा

मंडळी, पोस्ट जरा तांत्रिक आहे, पण विषय तुमच्या-माझ्या जिवाशी येतो, म्हणून लिहितोय.

"साहेब, अधूनमधून अडकतं, पण रीसेट केलं की चालतं." पुण्यात एम्बेडेडचं काम करताना हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. मग डेमो होतो. स्क्रीनवर एकच आकडा, सरासरी प्रतिसाद अमुक मायक्रोसेकंद. टाळ्या, चहा, बिस्किटं, बिल पास.

अरे, सरासरीला काय चाटायचंय? रिअल-टाइम म्हणजे फास्ट नव्हे. ठरलेल्या वेळेच्या आत, दर वेळी, म्हणजे रिअल-टाइम. दहा लाख वेळा वेळेत आणि एकदा उशिरा झालं, तर ब्रेक लावणाऱ्यासाठी ती एकच वेळ खरी.

१९९७ चं उदाहरण घ्या. ४ जुलैला नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि थोड्याच दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपोआप रीसेट व्हायला लागला. काय झालं होतं? आपल्या सरकारी ऑफिसच्या भाषेत सांगतो. साहेबांना शिक्का हवाय. शिक्का शिपायाकडे. शिपाई तो देणार, तेवढ्यात मधले कारकून त्याला आपल्या कामाला पिटाळतात. साहेबांना अडवायची कारकुनांची टाप नाही, पण शिपायाला अडवून त्यांनी साहेबांनाच अडवलं! यानात साहेब म्हणजे डेटा-बस सांभाळणारा टास्क, शिपाई म्हणजे हवामानाच्या नोंदी घेणारा टास्क, आणि शिक्का म्हणजे एक म्युटेक्स. बसचं काम वेळेत झालं नाही हे सॉफ्टवेअरला कळलं की ते रीसेट करायचं. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात.

उपाय माहीत होता. शिक्का ज्याच्या हातात, त्याला तो परत देईपर्यंत साहेबांचा दर्जा. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांचा यावरचा प्रसिद्ध पेपर १९९० चा. यानातल्या व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होतीसुद्धा, फक्त त्या म्युटेक्ससाठी बंद होती.

आता मुद्द्याचं. हा दोष उड्डाणाआधीही दिसला होता, पण पुन्हा घडवता आला नव्हता. मंगळावर घडल्यावर मात्र "रीसेट होतंय ना, मग चालू द्या" असं कोणी म्हणालं नाही. जेपीएलच्या लोकांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रणेवर ट्रेस चालू ठेवून तो पुन्हा घडवला. कुठला टास्क कधी थांबला, कुणासाठी थांबला, हे नोंदीत दिसलं. ती सोय पाठवून चालू केली आणि रीसेट थांबले.

आपल्याकडे उलटं. ट्रेस नको, मेमरी खातो. मग प्रत्येक फंक्शनमध्ये प्रिंटएफ टाकायचे. ११५२०० बॉडच्या सीरियल पोर्टवर एक अक्षर जायला साधारण ८७ मायक्रोसेकंद लागतात. वीस अक्षरांची ओळ ओढेपर्यंत पावणेदोन मिलिसेकंद गेले, आणि कंट्रोल लूप एक मिलिसेकंदाचा! रोग शोधायला गेलेला डॉक्टरच साथ पसरवतोय. एक मोकळी पिन वर-खाली करून ऑसिलोस्कोपवर बघा ना. पिन बदलायला मायक्रोसेकंदही लागत नाही.

"मग वेगवान प्रोसेसर टाकू" म्हणणारे तर माझे खास लाडके. पाथफाइंडरचा घोळ वेगाचा नव्हताच, तो क्रमाचा होता. वेगवान प्रोसेसरनं असा दोष जात नाही, फक्त क्वचित दिसतो, म्हणजे लॅबमध्ये सापडत नाही आणि गिऱ्हाइकाकडे सापडतो.

माझ्या मित्रयादीत खरेदीच्या फायली हाताळणारे बरेच जण आहेत. लिफ्ट असो, सिग्नल असो, हॉस्पिटलचा पंप असो, पुरवठादाराला तीन गोष्टी लेखी मागा: सगळ्यात जास्त उशीर किती, तो मोजताना सिस्टिमवर लोड किती होता, आणि चाचणी किती तास चालली. "रीसेट केलं की चालतं" असं उत्तर आलं, तर प्रत्येक रीसेटचं कारण दाखवल्याशिवाय सही करू नका.