वारसा दर्शनी भिंतीचा की प्रेक्षकांचा?

१/ तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली उभा राहिला. त्याचे भांडवल सामान्य लोकांनी एकेक पैसा देऊन जमवले. स्वदेशीच्या इतिहासात त्या पैशाला मान आहे. तळेगाव ज्या मुंबई-पुणे लोहमार्गावर वसले आहे, त्याच्या दोन्ही टोकांना चित्रपटगृहेही अशाच सुट्या नाण्यांवर चालली. त्यांच्या वाट्याला तो मान आला नाही.

२/ गिरगावातील कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. पुण्यात मंडईजवळ १९१५ साली बापूसाहेब पाठक यांनी 'आर्यन' सुरू केले; शहरातील पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृह म्हणून ते ओळखले जाते. कॉरोनेशन आज उरलेले नाही. आर्यन १९८३ साली पाडले गेले आणि त्या जागी वाहनतळ झाला.

३/ चर्चगेटचे इरॉस (१९३८) मात्र मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा भाग म्हणून २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. ते जपले गेले हे उत्तमच. आक्षेप आहे तो निकषावर. ज्या इमारतीची शैली ग्रंथांत नोंदलेली, तीच वारसा. बाकीच्या केवळ 'जुन्या इमारती'!

४/ 'आर्यनमध्ये वास्तुकला होतीच कुठे?' असे विचारले जाते. वास्तुकला केवळ दर्शनी भिंतीत नसते. त्या काळची नायट्रेट फिल्म क्षणात पेट घेई, म्हणून यंत्राची खोली प्रेक्षागृहापासून वेगळी, आगीला दाद न देणारी बांधावी लागे. १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने परवाना सुरक्षिततेशी जोडला. पीट व बाल्कनी यांची वेगळी प्रवेशद्वारे, स्त्रियांसाठी राखीव जागा: या रचनेत त्या काळचा समाज वाचता येतो. जातीपातीची माणसे अंधारात एकाच पडद्यासमोर बसली, पण तिकिटाच्या दराने पुन्हा विभागली गेली. ही साक्ष इमारतीबरोबर नाहीशी होते.

५/ दुसरा युक्तिवाद असा की, प्रेक्षक नसलेली वास्तू मालकाने तोट्यात का पोसावी? हा प्रश्न रास्त आहे. प्रत्येक चित्रपटगृह टिकणार नाही, टिकावे असा हट्टही नको. परंतु पाडण्यापूर्वी मोजमापे, नकाशे व छायाचित्रे घेणे, यंत्रचालक आणि द्वारपालांच्या आठवणी नोंदवणे, यासाठी मालकाची एक चौरस फूट जागाही खर्ची पडत नाही. पाडकामाच्या परवानगीलाच ही अट जोडण्यास अडचण कोणती?

६/ चाकण-पिंपरी चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यालगतच्या गावांत जमिनीचे भाव चढत आहेत. तेथील टॉकीजला ना आर्ट डेकोचे कवच आहे, ना कोणत्या यादीचे. त्यांची नोंद झाली नाही, तर पुढील पिढीला मराठी प्रेक्षकाचा इतिहास केवळ नटांच्या चरित्रांतून शिकावा लागेल. पैसा फंडातील पैसा इतिहास ठरतो, तर तिकीटखिडकीवरील आणाही ठरलाच पाहिजे.