आधी घडलेल्याचं नाव घेऊ

देशात किंवा राज्यात राजकीय उलथापालथ सुरू असते तेव्हा आपल्याकडे समुपदेशनासाठी येणारा माणूस पहिल्या भेटीत त्याबद्दल बोलतोच असं नाही. झोप लागत नाही, घरच्यांवर चिडचिड होते, कामात लक्ष नाही, एवढंच सांगतो. त्याला दीर्घ श्वसन शिकवून आणि ‘बातम्या कमी बघा’ असं सांगून घरी पाठवणं सोपं आहे. पण एवढ्याने त्याचा कणा बळकट होत नाही, असं आम्हाला ठामपणे वाटतं. यासाठी चिलीतल्या मानसोपचारकांचं काम प्रत्येक समुपदेशकाने मुळापासून समजून घ्यावं.

११ सप्टेंबर १९७३ रोजी तिथल्या लष्कराने राष्ट्राध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचं सरकार उलथवलं. जनरल पिनोशे यांची राजवट १९९०पर्यंत टिकली. अटक, छळ, माणसं बेपत्ता होणं हे रोजचं झालं. त्याच काळात सांतियागोमध्ये चर्चच्या आधाराने चालणाऱ्या ‘फासिक’ या संस्थेत एलिसाबेथ लिरा आणि त्यांचे सहकारी छळ सोसलेल्यांवर उपचार करत होते. त्यांची एक पद्धत साक्षीची. माणूस आपली हकीकत टेपरेकॉर्डरसमोर सांगे. अटकेपूर्वीचं आयुष्य, काम, चळवळीत का पडलो, मग कोठडी. टेपवरून ती उतरवली जाई आणि उपचारक व तो माणूस शेजारी बसून ओळ न् ओळ नीट करत. शेवटी लिखित साक्ष त्याच्या हाती येई. छळछावणीत त्याच्याकडून जबरदस्तीने वदवून घेतलं होतं; इथे काय सांगायचं, कोणता शब्द ठेवायचा हे तोच ठरवत होता. तुकडे झालेलं आयुष्य सलग वाचता येऊ लागे, आणि खाजगी शरमेची जागा सर्वांसमोर मांडता येईल अशी तक्रार घेई.

या अनुभवावरचा लेख १९८३मध्ये अमेरिकेतल्या नियतकालिकात आला, तोही टोपणनावांनी. उपचारकही त्याच दहशतीत राहत होते. तरी त्यांनी तटस्थतेचा आडोसा घेतला नाही. ‘तुमच्यावर झाला तो अन्याय होता’ हे ते रुग्णाला स्पष्ट सांगत आणि या नात्याला बांधिलकीचं नातं म्हणत.

आता आपल्या कामाकडे बघू. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्यामुळे अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाची विवेकनिष्ठ पद्धती आपल्यापैकी अनेकांच्या हातची झाली. तिच्यात घटना आधी येते, मग तिच्याविषयीचा समज. आपण मात्र समजावर फार लवकर उडी मारतो. ज्याच्या भावाला पोलिसांनी उचललंय, ज्याच्या वस्तीवर कालच दगड पडलेत, त्याच्या भीतीला अविवेकी ठरवणं हा त्याच्यावर दुसरा आघात आहे. खुद्द एलिसनेही रास्त चिंता आणि माणसाला पांगळं करणारी चिंता यांत फरक केला आहे. आतलं काम या फरकापासून सुरू होतं: कोणती भीती आजच्या खऱ्या धोक्याची खूण आहे, आणि कोणती आत मुरून विश्वासू मित्राशीही बोलू देत नाही? पहिलीसाठी वकील, शेजारी, संघटना लागतात. दुसरीसाठी आपण.

आणि आपली स्वतःची भीती? समोरच्याचं राजकीय मत न पटल्यामुळे ऐकताना आपण कुठे आखडतो, कोणता विषय हळूच बदलतो, हे वरिष्ठांबरोबरच्या केसचर्चेत मोकळेपणाने यायला हवं. बहुतेक केंद्रांत त्यासाठी वेळच राखलेला नसतो. तो या महिन्यापासून राखावा, ही आमची आग्रहाची विनंती.