डफ कुठाय?

मुंबईचा ‘इंडस क्रीड’ हा रॉक बँड १९९७ साली मोडला. २०१० ला पुन्हा जमला, २०१२ ला ‘इव्हॉल्व्ह’ अल्बम काढला. चांगलं झालं. गाणारानं पुन्हा गावंच. पण त्यांना कुणी जेलात डांबलं नव्हतं.

कबीर कला मंचाच्या शीतल साठे, सचिन माळी यांना २०१३ साली विधानभवनासमोर अटक झाली. सचिन २०१७ ला जामिनावर सुटले. दोघांनी ‘नवयान महाजलसा’ उभा केला. पुन्हा उभं राहणं म्हणतात ते हे!

मंगरूळपीरच्या पोरांनो, जयंतीला डीजेपुढं नाचून बाबासाहेब कळायचे नाहीत. त्याचं भाडं वाचवा, डफ घ्या. मी गोदीत दिवसा ओझी वाहतो, रात्री गाणी लिहितो. चाल तुम्ही लावा. जयभीम!