सर्व्हरची रोजकीर्द कोणी ठरवायची?

रोजकीर्द म्हणजे मूळ नोंदीचे पुस्तक. व्यवहार घडला त्या दिवशी, घडला त्या क्रमाने लिहावा आणि नोंदीखाली त्याचे स्पष्टीकरण द्यावे, हे वाणिज्य शाखेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला प्रथम शिकविले जाते. परंतु आज आपली फी, शिष्यवृत्ती, बँकेतील ठेव, दुकानदाराची बिले हे सारे कोठल्या तरी सर्व्हरवर चालते. त्या सर्व्हरवरील प्रोग्रॅमही आपली एक रोजकीर्द लिहीत असतो. तिला ‘लॉग’ म्हणतात. तिच्यात काय लिहायचे, किती लिहायचे आणि किती दिवस जपायचे, हे ठरविण्याचे काम सर्वस्वी संगणकतज्ज्ञांचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत मला मान्य नाही.

ही व्यवस्था समजण्यास कठीण नाही. प्रत्येक संदेशाला एक पातळी असते. डीबग म्हणजे बारीकसारीक तपशील, इन्फो म्हणजे नेहमीची नोंद, वॉर्न म्हणजे इशारा आणि एरर म्हणजे बिघाड. प्रोग्रॅमला हात न लावता, एका छोट्या फाईलमध्ये एक ओळ बदलून ही पातळी ठरविता येते. पातळी वॉर्नवर ठेवली, की तिच्याखालचे डीबग आणि इन्फो संदेश लिहिलेच जात नाहीत. संदेश फाईलमध्ये जावेत की नुसते पडद्यावर यावेत, प्रत्येक ओळीत वेळ कशी लिहावी, जुन्या फायली केव्हा काढून टाकाव्यात, हेही तेथेच सांगावयाचे असते.

आणि कोणी काहीच सांगितले नाही तर? तर प्रोग्रॅम तयार करणाऱ्याने आधी घालून ठेवलेले नियम चालू राहतात. उदाहरणार्थ, जावा भाषेतील स्प्रिंग बूट ही प्रचलित यंत्रणा घ्या. तिला फाईल नेमून दिली नाही, तर ती नोंदी फक्त कन्सोलवर, म्हणजे पडद्यावर पाठविते. फाईल नेमली, तरी नेहमीच्या व्यवस्थेत ती १० एमबीची झाली की नवी सुरू होते आणि जुन्या नोंदी ७ दिवसांपलीकडे राहत नाहीत.

आता एखाद्या विद्यार्थ्याचा विचार करा. खात्यातून फीचे पैसे गेले, पावती मात्र निघाली नाही. तो अर्ज करतो, अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि महिन्याने कोणीतरी सर्व्हर पाहावयास बसतो. तेव्हा तेथे काय असणार? खतावणीतील चूक कीर्दीवरून दुरुस्त करता येते. पण जी नोंद कधी लिहिलीच नाही, किंवा सातव्या दिवशी पुसली गेली, ती कोठून आणावयाची? मग ‘सिस्टिममध्ये काही दिसत नाही’ हे उत्तर अंतिम ठरते आणि खरे बोलणारा विद्यार्थी पुराव्याअभावी खोटा पडतो.

यावर कोणी म्हणेल, मग सगळेच लिहून ठेवा. तेही योग्य नव्हे. डीबगची पातळी कायम ठेवली तर नोंदींचा डोंगर होतो, डिस्क भरते आणि कधीकधी सर्व्हरच बंद पडतो. याहून मोठा धोका गुप्ततेचा आहे. मे २०१८ मध्ये ट्विटर कंपनीने जाहीर केले, की एका दोषामुळे वापरकर्त्यांचे पासवर्ड उघड्या स्वरूपात अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. आणि सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. तिजोरीला कुलूप लावावे आणि किल्ली कीर्दीत ठेवावी, असाच हा प्रकार! व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि निष्पत्ती एवढे हवेच. पासवर्ड आणि कार्डाचा पूर्ण क्रमांक कधीही नको. हा विवेक यंत्राला नाही, तो माणसालाच करावा लागतो.

कायद्याने हे ओळखले आहे. २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या आदेशानुसार कंपन्यांनी व सरकारी संस्थांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवले पाहिजेत. कोठे ७ आणि कोठे १८०! शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद होणे सक्तीचे आहे, आणि ही नोंद बंद करता येऊ नये अशी अट आहे. ती वर्षभर चालू होती काय, याविषयी लेखापरीक्षकाला आपल्या अहवालात लिहावे लागते. म्हणजे उद्या आपल्यापैकी जे लेखापरीक्षक होतील, त्यांना या फाईलमधील ओळींविषयी सहीनिशी मत द्यावे लागणार. जे कधी पाहिलेच नाही, त्याखाली सही कशी करावयाची?

म्हणून माझे म्हणणे असे, की लेखापरीक्षणाच्या तासाला प्रमाणक आणि तेरीज यांच्याबरोबर लॉगचे एखादे पानही विद्यार्थ्यांसमोर ठेवावे. प्रत्येक संस्थेत पातळी आणि मुदत ठरविताना संगणकतज्ज्ञाशेजारी हिशेबनीसही बसावा, आणि ठरलेले लेखी असावे. यंत्र चालविणे त्यांचे काम असेल. पण कोणती नोंद पुरावा म्हणून उरावी, हा प्रश्न हिशेबाचा आहे. तो सोडविण्याची जबाबदारी आपण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी आपली मानली पाहिजे.