रोमच्या दासांची अंत्यविधी मंडळे

रोमचा इतिहास म्हटला की सम्राट, सेनापती आणि दगडी राजमार्ग डोळ्यांसमोर उभे राहतात. ज्यांच्या श्रमांवर हे वैभव उभे होते त्या दासांच्या मरणाची व्यवस्था काय होती, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः समाजाची पारख तेथेच होते. निराधारांची प्रेते एस्क्विलिन टेकडीवरील सामाईक खड्ड्यांत टाकली जात. पुढे मिसेनस या धनाढ्याने त्या परिसरावर माती पसरून आपली बाग फुलवली!

कायद्याच्या दृष्टीने दास ही मालमत्ता होती. त्याच्या विवाहाला मान्यता नव्हती, पितृत्वालाही नव्हती. मात्र 'लारेस' या गृहदेवता त्याच्याही होत्या, आणि कॉम्पितालिया या त्यांच्या वार्षिक उत्सवात दासांना मानाचा वाटा असे. देव्हाऱ्याचे हे नाते आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. याच गृहधर्माच्या छायेत बड्या घराण्यांतील दासांची आणि मुक्त दासांची मंडळे वाढली. 'सर्जिया पॉलिनाच्या घरातील मंडळ' असे एका मंडळाचे नावच रोममधील शिलालेखांत आढळते. सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया (मृत्यू इ.स. २९) हिच्या सेवकवर्गाचे अस्थिगृह अ‍ॅपियन मार्गावर १७२६ साली सापडले. भिंतींतील शेकडो कोनाड्यांत अस्थिकलश होते. कोनाड्यांखालील पाट्यांवर कोणी वैद्य, कोणी सोनार, कोणी केशभूषा करणारी. मरणानंतर या माणसांना नाव मिळाले, तेही व्यवसायाच्या अभिमानासह.

यावरून मालकांच्या औदार्याचे गोडवे गाण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. धाकट्या प्लिनीने आपल्या दासांना मृत्युपत्रासारखे लेख करू दिले आणि ते पाळलेही. पण वाटणी घरातल्या घरातच व्हावी, ही अट होती. घराबाहेर त्या दासाला काहीच हक्क नव्हता. घरचे मंडळ दासाला आधार देई, तसेच त्याला घराशी बांधूनही ठेवी.

म्हणूनच लानुव्हियम या गावातील मंडळ मला अधिक मोलाचे वाटते. डायना देवी आणि हॅड्रियनचा दिवंगत सखा अँटिनूस यांच्या उपासकांचे हे मंडळ कोणा एका घराचे नव्हते. स्वतंत्र आणि दास एकाच पंगतीला बसत. त्याची इ.स. १३६ची नियमावली १८१६ साली उजेडात आली. प्रवेशशुल्क १०० सेस्टर्स आणि उत्तम मद्याचा एक कुंभ; मासिक वर्गणी ५ अ‍ॅस, म्हणजे सव्वा सेस्टर्स. सभासदाच्या अंत्यविधीस ३०० सेस्टर्स मिळत, त्यांपैकी ५० चितेपाशी वाटले जात. सैनिकाचे वार्षिक वेतन तेव्हा १२०० सेस्टर्स होते, हे ध्यानात घेतले म्हणजे दासाने पै-पै करून जमवलेल्या प्रवेशशुल्काचे वजन कळते. गावापासून वीस मैलांपलीकडे कोणी वारला तर तिघांना तेथे पाठवण्याची तरतूद होती. भोजनात प्रत्येकाला २ अ‍ॅसची भाकरी आणि चार मासे. जागा सोडून गडबड करणाऱ्यास ४ सेस्टर्स दंड, अपशब्दांस १२. तक्रारी सभेत मांडाव्यात, भोजनात नव्हे, असाही दंडक होता. (आपल्याकडील कित्येक संस्थांनी हा नियम उचलावा!)

जर्मन इतिहासकार मॉमसेन यांनी १८४३ साली अशा संस्थांना मुख्यतः गरिबांचे अंत्यविधी मंडळ ठरवले. हे अपुरे आहे. केवळ दहनाचा खर्च हवा असता तर देव कशाला, पंगती कशाला? संघटनांविषयी राजसत्ता इतकी साशंक होती की ट्राजनने निकोमिडिया नगरात दीडशे जणांचे अग्निशामक पथकही उभारू दिले नव्हते. अशा काळात ही माणसे महिन्याला एकत्र येत होती.

त्यांना ठाऊक होते की मालक आडमुठा निघू शकतो. दास सभासद मेला आणि मालकाने अन्यायाने प्रेत दिले नाही, तर त्याच्या प्रतिमेचा अंत्यविधी करावा, असे नियमावली सांगते. आणि जो दास जिवंतपणी मुक्त होईल, त्याने मंडळाला उत्तम मद्याचा एक कुंभ द्यावा, असेही तिच्यात नोंदवले आहे.