श्रीजेश : गोलपोस्टपलीकडची कसोटी

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट 2024 मध्ये भारताने स्पेनचा 2-1 असा पराभव करून कांस्यपदक पटकावले आणि गोलरक्षक पी. आर. श्रीजेश यांनी 336 सामन्यांच्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीचा निरोप घेतला. विजयानंतर ते गोलपोस्टवर चढून बसले. 2021 मध्ये टोकियोतही त्यांनी तेच केले होते. हॉकीप्रेमींच्या चर्चेत त्यांच्या पदकांइतकाच हा मिश्कीलपणाही निघतो.

मात्र हा विनोद केवळ करमणुकीचा नव्हता. गोलरक्षकाची एक चूक थेट गोलफलकावर उमटते. अशा वेळी सहकाऱ्यांवरील दडपण हलके करणारा ज्येष्ठ खेळाडू संघाचा आधार ठरतो. पॅरिसमध्येच ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारत बराच काळ दहा खेळाडूंनिशी झुंजला आणि शूटआउटमध्ये 4-2 असा विजयी झाला, तो याच आधारावर.

निवृत्तीनंतर हॉकी इंडियाने त्यांच्याकडे कनिष्ठ संघाचे प्रशिक्षकपद सोपवले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने 2024 मध्ये कनिष्ठ आशिया चषक जिंकला, तर 2025 च्या कनिष्ठ विश्वचषकात कांस्यपदक मिळवले. राहुल द्रविड यांच्याप्रमाणे कनिष्ठ संघाकडून वरिष्ठ संघाकडे जाण्याचा मानसही त्यांनी व्यक्त केला होता.

तथापि, खेळाडूची लोकप्रियता प्रशिक्षकाला पराभवानंतर फार काळ तारत नाही. भारतीय हॉकीने प्रशिक्षक वारंवार बदलले आहेत. 1980 नंतरच्या ऑलिंपिक पदकासाठी देशाला 41 वर्षे थांबावे लागले. श्रीजेश यांचा अनुभव पुढील पिढीपर्यंत पोहोचायचा असेल, तर चाहत्यांच्या प्रेमापेक्षा संघटनेचा संयम अधिक मोलाचा ठरेल.